तीन पिनांवरची चिकटपट्टी व माझी इतर मिळकत

मी, सत्यशीला इंद्रभान गडदे, वय वर्षे त्रेपन्न, धंदा फोटोग्राफी, जोडधंदा एका साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढणारं सदर लिहिणे, राहणार जुना जालना, आज रोजी माझ्या हाताने व माझ्याच पेनाने लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण तिचा बुद्धीच्या कामाशी काही संबंध येत नाही, असा डॉ. दीपमाला वाहुळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी संभाजीनगरच्या दवाखान्यात ती झडप बदलायची आहे. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात म्हणे. मी जन्मभर उरलेल्या पाचांत निघालेली बाई आहे, म्हणून हा कागद.

हे लिहिताना माझ्यावर कुणाचा दाब नाही, कुणाची भूल नाही, नशापाणी केलेलं नाही. राग मात्र भरपूर आहे. तो कायद्यात बसतो का, हे मी शेजारचे निवृत्त शिक्षक रामकिसन खरात गुरुजी यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "रागाला मनाई नाही, बाई. फक्त अक्षर नीट काढा." त्यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला माझ्या नातेवाइकांची उत्तरं तपासणं जड जाऊ नये.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं, तर तो माझा दीर मिथुन असणार, आणि ते खोटं समजावं.

कलम १. वारसांबाबत.
माझे यजमान इंद्रभान सहा वर्षांपूर्वी वारले. आम्हाला मूलबाळ नाही. या एका वाक्यावर सासरच्या मंडळींनी सहा वर्षं चहा प्यायला आहे. आता पुरे. माझी मिळकत स्वकष्टार्जित आहे, आणि ती कुणाला द्यायची हे मी ठरवणार. वारसा सांगत दारात येणाऱ्याला गुरुजींनी चहा द्यावा, पण बसायला सांगू नये.

कलम २. न नेलेल्या अल्बमांबाबत.
माझ्या कपाटात एकेचाळीस लग्नांचे अल्बम पडून आहेत. काढून घेतले, पसंत केले, न्यायला कुणी आलं नाही. पैकी चार लग्नं मोडल्याचं मला खात्रीने माहीत आहे. अशा जोडप्यांनी अल्बम मधोमध कापून आपापली बाजू न्यावी. बाकीच्यांना निरोप द्यावा. एका लग्नात नवरीच्या मामाने मला सांगितलं होतं, "बाईमाणूस फोटो काढून राह्यली, हात थरथरत असतील, दुसरा कोन्ही बोलवा." त्या अल्बममध्ये मामाचा एकही फोटो नाही. सगळीकडे फक्त त्यांचा फेटा आहे. तो अल्बम मामांना घरपोच द्यावा.

कलम ३. सन्मानांबाबत.
फोटोग्राफरांच्या मंडळाने एका वर्षी मला 'महिला गट, उत्तेजनार्थ' असं प्रशस्तिपत्र दिलं. त्या वर्षी महिला गटात मी एकटीच होते. पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक कुणाला दिला हे मंडळाने अजून जाहीर केलेलं नाही. प्रशस्तिपत्र फ्रेमसकट मंडळाला परत करावं व मागे माझ्या अक्षरात लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचावा.

कलम ४. किरकोळ.
भांडीकुंडी, गोदरेजचं कपाट, छत्र्या, स्टँड, पडदे, दिवे हे गुरुजींनी गरजू माणूस बघून द्यावेत. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचं भागवून उरलेलं माझी चुलत बहीण दैवशाला हिला द्यावं. ती परतूर तालुक्यात, वाटूरच्या पुढे आमच्या माहेरच्या गावी राहते व मेंढरं राखते. तिने कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं ते फक्त एक, आणि तेच मला देता आलं नाही. ते पुढे येईल.

कलम ५. लेन्सबाबत.
माझ्याकडे चारशे मिलिमीटरची एक लांब टेलिफोटो लेन्स आहे. हूडला ओरखडा, काच निर्मळ. ती दैवशालाची मुलगी शिवकन्या, जी बदनापूरला शेतकीचं शिकते, तिला द्यावी. शिवकन्ये, अट एकच. हाताने फोकस करायला शीक. चिकटपट्टी लावायचीच झाली, तर ऑटोफोकसच्या बटणावर लाव, म्हणजे ते चुकूनही चालू व्हायचं नाही. असं का, हे तुला माहीत आहे. गायरानाचं प्रकरण ज्या सरकारी कचेरीत आहे तिला माहीत नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधोमध बसवायचं एक आखूड नळकांडं मिळतं. त्याला टेलिकन्व्हर्टर म्हणतात. दुपटीचा लावला की चारशेची लेन्स आठशेची होते. म्हणजे शंभर पावलांवरचं पाखरू पन्नास पावलांवर येतं. पण जगात फुकट काही मिळत नाही. लांबी दुप्पट होते तेव्हा आत येणारा उजेड चौथाई उरतो. माझ्या लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६ आहे; हा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. दुपटीचा कन्व्हर्टर लावला की ते अकरा होतं. माझा कॅमेरा आठच्या पुढे आपणहून फोकस करत नाही, आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगतो. कन्व्हर्टर लागलाय हे त्याला बारक्या पिनांमधून कळतं, मग तो ऑटोफोकस बंद ठेवतो. आपण हाताने रिंग फिरवायची. यात कमीपणा काही नाही. रीळ होतं त्या काळात मी नवरदेवाचा घोडा पळत असताना हाताने फोकस केलेला आहे.

मात्र त्या पिनांपैकी तीन पिना झाकल्या, की कॅमेऱ्याला मध्ये कुणी बसल्याचा पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं, चारशेचीच लेन्स आहे, ५.६ च आहे, आणि तो फोकस शोधत सुटतो. भर दुपारी, समोर काळं-पांढरं ठळक असलं, तर कधी सापडतोही. दिवस उगवताना ओल्या गवतात सापडत नाही. लेन्स पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. चष्मा हरवलेला म्हातारा फळीवर चाचपतो तशी. आणि फोटोच्या फाइलमध्ये नोंद पडते ती खोटी: लेन्स चारशे, अपर्चर ५.६.

ही अक्कल मला नंतर आली. आधी मला कन्व्हर्टर मिळाला.

कलम ६. कन्व्हर्टर कसा मिळाला.
माझा दीर मिथुन गडदे जुना जालन्यातल्या आमच्या गाळ्यात कॅमेऱ्यांची दुकानदारी व दुरुस्ती करतो. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये त्याने मला हाक मारली. सहा वर्षांत तो माझ्याशी गोड बोलला तो एवढा एकच दिवस, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

"वहिनी, इकडं या. हे बघा." त्याने माझ्याच लेन्सला कन्व्हर्टर लावला आणि समोरच्या कापड दुकानाच्या पाटीवर रोखला. ऊन डोक्यावर. पाटी पांढरी, अक्षरं काळी. टिक् करून फोकस बसला. "बराबर बसला का न्हाई? आठशे मिलिमीटर अन् ऑटोफोकस. लोकं याच्यासाठी मुंबईला चकरा मारून राह्यलेत."

मी म्हणाले, "अरे, अकराला ऑटोफोकस होत नाही म्हणतात."

"कोन म्हनतं? पुस्तकं म्हनतेत. पुस्तकानं कवा फोटो काढला का? बिलकुल टेन्शन घेऊ नका."

मी घेतलं नाही. टेन्शनही नाही आणि कन्व्हर्टर काढून आत बघण्याची तसदीही नाही. घेतला तो फक्त कन्व्हर्टर, रोख पैसे मोजून. ही माझी चूक. या कागदात मी पुष्कळांना बोलले आहे, तेव्हा ही चूक माझ्या नावावर मांडून ठेवते.

कलम ७. गायरानाबाबत.
आमच्या माहेरच्या गावाला गायरान आहे. त्याच्या वरच्या टप्प्याला 'राखण' म्हणतात. दिव्याच्या अवसेपासून दसऱ्यापर्यंत राखणीत एकही मेंढरू जात नाही. पहारा नाही, कुंपण नाही, कागद नाही. राखण जो मोडील त्याच्या मेंढरांच्या कातरणीला त्या वर्षी गावातलं कुणी हात लावायला जात नाही, एवढीच शिक्षा. ती माझ्या आठवणीत दोनदाच करावी लागली. अशा रीतीने वाढलेल्या कमरेएवढ्या गवतात पावसाळ्यात तणमोर हे दुर्मीळ, कायद्याने राखलेलं पाखरू येतं. नर गवतातून उभाच्या उभा वर उडतो, पंख फडकवतो आणि तिथेच उतरतो. दिवसाला शेकडो वेळा. बायको मिळावी म्हणून एवढी मेहनत करणारा दुसरा नर मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

एका कंपनीला तिथे सौरऊर्जेची तावदानं मांडायची आहेत. कचेरीतला माणूस पाहणीला आला तो भादव्यात. राखणीत एक मेंढरू दिसलं नाही. त्याने लिहिलं, 'चराईसाठी वापर नाही, जमीन पडीक.' ज्या गावाने पोटाला चिमटा घेऊन गवत राखलं, त्या गावाला गवताची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. एवढ्या सचोटीने वागल्याची एवढी मोठी शिक्षा मी प्रथमच पाहिली.

तेव्हा दैवशाला माझ्याकडे आली. तिचं मागणं हेच. "सत्ये, मी साहेबाला सांगितलं, हितं तणमोर येतो. साहेब म्हनला, डोळ्यानं बघितलेलं चालत न्हाई, फोटो आन. तू फोटो काढ."

मी गेले. दिवस उगवायच्या आधी आम्ही दोघी घोंगडी पांघरून बोरीच्या झुडपाआड बसलो. जवळ जायचं नाही, गेलं की पाखरू नाचणं सोडतं. म्हणून तर आठशे पाहिजे. दैवशाला कानाशी म्हणाली, "हालू नको. आत्ता उडंल."

उडाला. माझी लेन्स पुढे गेली, मागे आली. तो उतरला. पुन्हा उडाला. लेन्स पुन्हा पुढे, मागे.

"काय झालं गं?"

"शोधतंय."

"कोन शोधतंय? मला तर दिसून राह्यला!"

बासष्ट वेळा उडाला. मी मोजलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. हाताने रिंग फिरवायची होती. तो रोज एकाच जागी उडतो हे दैवशालाने आधीच सांगितलं होतं. त्या जागेवर एकदा फोकस बांधून ठेवला असता तर काम झालं असतं. पण यंत्र 'मी करतो, मी करतो' म्हणत असलं की माणसाचा हात लाजतो. एकशे ऐंशी फोटोंतून एक निघाला, त्यात गवताच्या वर काळ्या-पांढऱ्या पंखांचा ठिपका होता. दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस पावसाची झड लागली, आणि झड उघडेपर्यंत नाच संपला. तो एक धूसर फोटो आम्ही हरकतीच्या अर्जासोबत कचेरीत दिला.

कलम ८. सुनावणीबाबत.
पुढच्या जानेवारीत सुनावणी झाली. कंपनीने फोटो तपासायला तज्ज्ञ आणला. तज्ज्ञ आत आला, तेव्हा मी त्याला पाणी द्यायला उठले होते, कारण तो मिथुन होता आणि मला वाटलं, वहिनीची सुनावणी आहे म्हणून दीर आलाय. कंपनीच्या ड्रोनचं काम त्याला मिळालं होतं, हे मला तिथे कळलं.

तो साहेबांना म्हणाला, "साहेब, मॅडम म्हनतेत कन्व्हर्टर लावला, आठशेवर काढला. फाइलमधी चारशे लिहून आलंय. अपर्चर ५.६ लिहून आलंय. कन्व्हर्टर असता तर फाइलला कळलं नसतं का? फोटोत फेरफार हाये. अन् हे पाखरूच हाये असं बी न्हाई. कोंबडी असू शकते."

मॅडम. चोवीस वर्षं ज्या तोंडाने वहिनी म्हणून भाकरी मागितली, त्या तोंडाने मॅडम. फेरफार मी एक वेळ सोडून दिला असता. कोंबडीसुद्धा. मॅडम मात्र सोडणार नाही, मेल्यावरही.

कचेरीने निकालात लिहिलं, 'अर्जदारांनी सादर केलेले छायाचित्र फेरफार केलेले असल्याचे दिसते.' घरी येऊन मी कन्व्हर्टर उघडा करून उजेडात धरला. तीन पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी पारदर्शक चिकटपट्टी. ब्लेडने कापलेली, कडा सरळ. असं बारीक काम जालन्यात एकच हात करतो. यजमानांनीच तो हात तयार केला होता.

गेल्या वर्षी पाऊस लांबला, पाखरू आलं नाही. यंदा आलंय, दैवशालाने पाहिलंय, पण डॉक्टरांनी मला माळ चढायला बंदी केली आहे. शिवकन्या फोटो काढील, पण 'फेरफार' हा शेरा कागदावर असेपर्यंत आमच्या लेन्समधून निघालेलं मोराचं पीसही कुणी खरं मानणार नाही. वरच्या कचेरीत अपील आहे. त्याची तारीख बुधवार, २० ऑगस्ट. त्या दिवशी शेरा पुसला नाही, तर दसऱ्याच्या आत राखणीत नांगर नाही तर खोदयंत्र जाणार. एवढीच गोष्ट आहे. माझी झडप त्यापुढे किरकोळ.

कलम ९. गाळ्याबाबत, अर्थात मिथुनबाबत.
ज्या गाळ्यात मिथुनचं दुकान आहे तो गाळा व त्यावरच्या माझ्या राहत्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. यजमानांनी खरेदीखत माझ्या नावाने केलं, कारण त्यांना भाऊ माहीत होता. मिथुनची समजूत अशी की वहिनीला पुढे-मागे कुणी नाही, गाळा कुठे जातो? त्याने जिन्याखाली माझ्या परवानगीशिवाय फळ्याही मारल्या आहेत.

तरी मी त्याला गाळा देते. अट अशी: २० ऑगस्टच्या आत त्याने शपथेवर लिहून द्यावं की, तीन पिनांवर पट्टी मी लावली, फाइलमध्ये चारशे येण्याचं कारण ती पट्टी, आणि फोटोत फेरफार नाही. तसं दिलं तर माझ्या पश्चात गाळा त्याचा. मात्र मग जिल्हाभर सगळ्यांना कळेल की हा माणूस गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याला फसवून माल विकतो. दुकान राहील, गिऱ्हाईक राहणार नाही. आणि लिहून नाही दिलं, तर दुकानही राहणार नाही, गाळा दैवशालाला. यातलं कोणतं बरं, हे ठरवताना त्याला झोप लागू नये, अशी माझी इच्छा आहे. ती मी या कलमाचा भाग मानते.

हे कलम मी दैवशालाला वाचून दाखवलं. तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "मला गाळा काय करायचा गं? मेंढरं बांधू त्याच्यात?"

"बांध."

"मला गवत पाहिजे, सत्ये. गाळ्याचं काय घेऊन बसलीस."

कलम १०. आज सकाळी घडलेल्या प्रकाराबाबत.
गुरुजींनी वरील मजकुराचं प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि मिथुनला अकरा वाजता वर बोलावलं. डॉ. दीपमाला माझा रक्तदाब बघायला आलेल्या होत्या, त्यांनाही मी बसवून ठेवलं. घडलं ते असं. यात मी पदरचं काही घातलेलं नाही; कुणाला शंका असेल तर त्या दोघांना विचारावं.

मिथुनने कलम नऊ दोनदा वाचलं. मग हसला. "वहिनी, पट्टी मीच लावली, त्यात काय येवढं? मी कवा न्हाई म्हनलो? धंद्यात समदेच लावतेत. गिऱ्हाइकाला ऑटोफोकस लागतो, त्याला खुश करावं लागतं."

गुरुजी म्हणाले, "पट्टी लावली की फाइलमध्ये चारशे येतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच्यासाठीच तर लावतेत, गुरुजी! कॅमेऱ्याला कळू द्यायचं न्हाई."

"मग कचेरीत फेरफार का म्हणालात?"

"कचेरीत मला पट्टीचं विचारलंच न्हाई कुनी. फाइलमधी काय लिहून आलं ते विचारलं. मी बराबर सांगितलं."

मी म्हणाले, "मिथुनभाऊजी, सही करा."

त्याने पेन घेतलं. टोपण काढलं. कागदावर हात टेकवला, मग मान वर केली. "सही केली का गाळा लगेच नावावर होतो का?"

"मी मेल्यावर."

"अन् तुमी न्हाई मेल्या तं?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, "त्या मरणार नाहीत, ही शक्यता शंभरात पंच्याण्णव आहे."

मिथुनने थोडा वेळ विचार केला. मी त्याला इतका विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने टोपण लावलं, पेन गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मंग असं करा वहिनी, सोमवारी तुमचं ऑपरेशन होऊ द्या. निकाल बघून सही करतो."

चहा पिऊन गेला. साखर कमी आहे म्हणाला.

कलम ११. दुरुस्ती.
सबब कलम नऊ मी रद्द करते. आडवी रेघ मारून बाजूला सही केली आहे. गाळा व वरच्या दोन खोल्या माझ्या पश्चात कोणत्याही अटीशिवाय दैवशालाच्या. तिने तिथे मेंढरं बांधावीत, लोकर ठेवावी, नाही तर भाड्याने द्यावा. फक्त कॅमेऱ्याच्या धंद्याला देऊ नये. जिन्याखालच्या फळ्या मिथुनने स्वखर्चाने काढून न्याव्यात.

मिथुनला मी पुढील वस्तू देते. एक, टेलिकन्व्हर्टर, अपिलाचं काम संपल्यावर, पट्टीसकट, कारण माल ज्याचा त्याला जावा. दोन, तणमोराचा तो धूसर फोटो, तीन फूट बाय दोन फूट, काचेच्या फ्रेममध्ये. त्याखाली 'ही कोंबडी आहे: तज्ज्ञ' असं छापून घ्यावं. नवीन दुकान जिथे थाटील तिथे तो फोटो गल्ल्याच्या मागे लावला, तर मी त्याला निम्मी माफी देईन. निम्मीच. उरलेली मॅडमच्या खात्यावर.

हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडावं असा रिवाज आहे. मी तो मोडते. मी दवाखान्यातून चालत येवो, गाडीतून येवो वा मुळीच न येवो, कलम पाच ते दहा आणि खालील साक्षीदारांचं निवेदन यांची प्रत गुरुजींनी २० तारखेच्या अपिलात दाखल करावी. मिथुनला काय वाटेल याची काळजी करू नये. आक्षेप असेल तर त्यानेच कचेरीत येऊन सांगावं की असं मी बोललोच नाही. आणि तेव्हा साहेबांनी, या खेपेला तरी, त्याला पट्टीचं विचारावं.

हा कागद मी वाचून, समजून, दोन ठिकाणी अक्षर सुधारून, राजीखुशीने केला. सही माझी, दोन्ही साक्षीदारांच्या समोर.

सत्यशीला इंद्रभान गडदे (सही)
ठिकाण: जुना जालना
दिनांक: ७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

साक्षीदारांचं निवेदन.
सत्यशीलाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर करत आहोत. सही करताना त्या शुद्धीवर होत्या, जरा जास्तच. याखेरीज आम्ही दोघे असंही नमूद करतो की, आज सकाळी अकराच्या सुमारास श्री. मिथुन गडदे यांनी, कन्व्हर्टरच्या पिनांवर पट्टी आपणच लावल्याचं व कॅमेऱ्याला कळू नये म्हणूनच लावल्याचं, आमच्या देखत, कुणी न धमकावता, हसत सांगितलं. हे आम्ही आपापल्या कानांनी ऐकलं. २० तारखेला वरच्या कचेरीत येऊन शपथेवर सांगायची आमची तयारी आहे.

१. डॉ. दीपमाला वाहुळे, जालना (सही)
माझी त्या दिवशीची ओपीडी बंद राहील. तशी पाटी आजच लावली.

२. रामकिसन खरात, निवृत्त शिक्षक, जुना जालना (सही)
निकाल बघून सही करायची सवय मला नाही. मी आजच करतो.